सक्ती उठल्यानंतरचा ईस्टर

पाडव्याला सरकारने मास्कची सक्ती उठवली आणि त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. या वर्षी ईस्टरचा ख्रिस्तप्रसाद आईला तोच घरी आणून देणार होता. फोन मी घेतला होता. आईला सांगते, एवढं म्हणून मी तो ठेवला, आणि आईला काही सांगितलं नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अंधेरीच्या पूर्वेला आमचं जुनं गावठाण आहे. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये आमच्या कौलांचा तुकडा उरलाय. त्याच्या एका टोकाला आमचं घर, दुसऱ्या टोकाला मामाचं. जी आजारी किंवा म्हातारी माणसं मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी फादर पॅरिशमधल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, काही विश्वासू माणसांच्या हाती ख्रिस्तप्रसाद पाठवतात. गळ्यात लहानशी पिशवी, पिशवीत सोनेरी डबी, डबीत कागदासारख्या पातळ, पांढऱ्या चकत्या. आम्ही त्यांना चकत्या मानत नाही. तो प्रत्यक्ष ख्रिस्त असतो. मामा निवृत्त झाल्यापासून हे काम करायचा, आणि मन लावून करायचा. डबी गळ्यात असली की तो वाटेत कोणाशी बोलत नसे. कोणी हाक मारली तर छातीवर हात ठेवून नुसती मान हलवायचा.

आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात त्याने असाच पप्पांना प्रसाद आणून दिला होता. महिना उलटायच्या आत पप्पा गेले. आईही आजारी पडली. ती वाचली, पण खाटेवरून मोरीपर्यंत गेली तरी तिला धाप लागते. पुन्हा छातीत काही गेलं तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

पक्षाघातानंतर पप्पा कधी उंबरठ्याबाहेर पडले नाहीत. मग तो आजार त्यांच्यापर्यंत आला कसा? वर्षभर मी हेच धरून बसले होते. बाजारात मी जात होते, हे मला विसरता येत नव्हतं. पण मी आजारी पडले ती सगळ्यात शेवटी. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. राहता राहिला मामा. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. एकदा एखादी ओळ खटकली की ती दुरुस्त होईपर्यंत मला पुढे वाचता येत नाही. ही ओळ मला दुरुस्तही करता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती.

मास्कला मामाचा पहिल्यापासून विरोध होता. आजार खोटा आहे असं तो म्हणत नसे. तेवढा अडाणी तो नव्हता. त्याचं म्हणणं धार्मिक होतं. बिशपसुद्धा वेदीवर ठरावीक क्षणी डोक्यावरची टोपी काढतात, मग ख्रिस्त हातात घेतलेल्या माणसाने त्याच्यासमोर तोंड झाकून कसं उभं राहायचं? शिवाय देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली आहे आणि प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागावं असं चर्चच शिकवतं. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तो हे सगळ्यांना ऐकवायचा, आणि पुष्कळांना पटायचंही. मास्क घालून प्रार्थना म्हणताना चष्म्यावर वाफ धरते, एवढ्या कारणानेही माणसाला स्वातंत्र्य प्यारं होतं.

मला त्या शब्दाचा संशय होता. मामाने उभी नोकरी विमानतळावर केली, धावपट्टीजवळ सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. कानावर जाड आवरणं, अंगात चकाकणारं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट. त्यातली एकही सक्ती त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला कधी टोचली नव्हती. मी पॅरिशच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. सदसद्विवेकबुद्धीचं ऐकलंच पाहिजे, असं त्यांत होतं, अगदी मामा म्हणायचा तसं. पण तिला आधी शिकवावं लागतं, सत्य शोधावं लागतं, आणि स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते करण्याची सूट नव्हे, चांगलं ते निवडण्याची ताकद, असंही होतं. शेजाऱ्याच्या जिवाची जबाबदारी त्यात धरलेली होती. हे मी एकदा मामाला सांगितलं. तो म्हणाला, तू फार वाचतेस. त्यावर सगळे हसले, आईसुद्धा.

त्या पवित्र आठवड्यातली सकाळ मी मनात अनेकदा उलटीसुलटी करून पाहिली आहे. पुन्हा सगळं बंद होणार अशी कुजबुज होती. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा बॉटल मसाला होतो. मिरच्या भाजून, कुटून तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून ते नाव. दरवर्षी मसाला कुटायला येणाऱ्या बायका त्या वर्षी येणार नव्हत्या. म्हणून आईने थोड्या मिरच्या घरीच भाजायला घेतल्या. घरभर मिरच्यांचा तिखट धूर भरला. आईने नाकावर ओला फडका बांधला होता, मी ओढणी गुंडाळली होती, पप्पा खाटेवर खोकत होते आणि खोकता खोकता आईला शिव्या देत होते. एवढ्यात मामा दारात आला, तोंड उघडं, गळ्यात डबी. पाऊल आत टाकताच त्यालाही खोकला आला.

“लागला ना ठसका?” आई म्हणाली. “मास्क नको म्हणतोस ना, आता खा मिरच्या.”

मामा हसला. मग खिशातून रुमाल काढून त्याने तो नाकावर बांधला. मिरच्यांसाठी बांधला, तेव्हा स्वातंत्र्याचं काही नव्हतं. आईने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. प्रार्थनेला सुरुवात करताना त्याने रुमाल सोडला. पप्पांवर वाकून त्याने त्यांच्या जिभेवर प्रसाद ठेवला. आमच्याकडे प्रार्थना संपली की घरातला क्रूस हातोहात फिरतो आणि प्रत्येकजण त्याच्या पायांचं चुंबन घेतो. मामाने घेतलं, मग तोच क्रूस पप्पांच्या ओठांपाशी नेला, मग आईच्या, मग माझ्या. या सगळ्यात तो मध्ये मध्ये खोकत होता. आम्हीही खोकत होतो. आमच्या घरांत उन्हाळ्यात कोणी खोकलं तर कोणी वर बघतही नाही. मसाला चाललाय, एवढंच.

चार-पाच दिवसांनी पप्पांना ताप भरला.

ते हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. पुढचं मी लिहिणार नाही, त्या उन्हाळ्यात ते फार घरांतून झालं. एवढंच लिहिते की आमच्यात मयताच्या कपाळाचं चुंबन घेऊन त्याला निरोप देतात, आणि ते मला करता आलं नाही. मी शववाहिनीपासून लांब उभी होते. माझ्या शेजारी, माझ्याहूनही थोडा लांब, मामा उभा होता. तेव्हाही त्याच्या तोंडावर मास्क नव्हता. कर्मचारी त्याला ओरडला. तो ऐकू न आल्यासारखा समोर पाहत राहिला.

त्यानंतर आईसाठी प्रसाद आणायचं काम मी कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरना सांगितलं. मामाला मी कारण दिलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं नाही, याचाही मला संशय आला. एरवी रेशनच्या रांगेत कोणी पुढे घुसलं तर सात दिवस बोलणारा माणूस, आपल्या सख्ख्या बहिणीकडे प्रसाद न्यायचं काम हातातून गेलं तरी गप्प कसा?

आणि आता सक्ती उठली तसा त्याचा फोन.

आईला अर्थातच कळलं. मामीने गल्लीतून जाताना खिडकीशी थांबून सांगितलं.

“माझा भाऊ मला प्रसाद आणतो म्हणतो, आणि तू माझ्यापासून लपवतेस?” आई म्हणाली. ओरडली नाही. तेवढा श्वास तिच्याकडे नव्हता.

मी म्हटलं, सिस्टर आणतात की. तोच ख्रिस्त आहे.

“तोच आहे. पण मला भावाच्या हातून पाहिजे. पुढचा ईस्टर कोणी बघितलाय?”

“तो मास्क घालणार नाही, आई. आता तर सरकारनेही सोडलंय.”

“नको घालू दे. श्वास माझा आहे ना?”

“तुझा आहे. तो अडकला तर धावायचं मला आहे.”

ती भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळाने, भिंतीलाच सांगितल्यासारखं, म्हणाली, “त्याला दारातून परत पाठवलंस ना, तर मी सिस्टरकडूनही घेणार नाही.” आई बोलते ते करते. ईस्टरच्या काळात ख्रिस्तप्रसाद चुकवणं ही आमच्यात साधी गोष्ट नाही, आणि तिच्यासारख्या बाईला तर ते उपाशी मरण्यासारखं.

मी फादरना गाठलं. ते तरुण आहेत, नीट ऐकून घेतात. पप्पांबद्दलचा संशय मी त्यांना सांगितला नाही, फक्त मास्कचं विचारलं. मामाला तुम्ही सांगा, असं मला हवं होतं. आज्ञा करा, म्हणजे प्रश्न मिटेल. फादर म्हणाले की सक्ती होती तोवर सोपं होतं, आज्ञा पाळायची की मोडायची एवढंच ठरवायचं होतं. आता आज्ञा नाही. आता तुमचे मामा जे करतील ते प्रेमापोटी की हट्टापोटी, हे त्यांनाच आपल्या मनाशी विचारावं लागेल. खरी सदसद्विवेकबुद्धी आता सुरू होते.

मी म्हटलं, आणि त्यांनी चुकीचं उत्तर दिलं तर?

“तर तुम्ही दार उघडू नका,” फादर म्हणाले. “तेही स्वातंत्र्यच आहे. पण ते कशापोटी, हे तुम्हालाही विचारावं लागेल.”

मला ते आवडलं नाही. मी न सांगितलेलं त्यांना दिसलं की काय, असं वाटलं.

त्या दिवसापासून मी मामाला न्याहाळू लागले. वर्षभर मी चर्चमध्ये त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. त्यामुळे एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, आणि ती आता दिसली तशी मी चरकले. मिस्सेत प्रसादाच्या वेळी सगळे रांगेने वेदीकडे जातात. मामा जात नव्हता. तो बाजूच्या खांबाला टेकून उभा राहायचा. रांग संपली की पुढे जाऊन डबी भरून घ्यायचा आणि मान खाली घालून बाहेर पडायचा. पुढच्या रविवारी तेच. गेलं वर्षभर आजाऱ्यांच्या घरोघरी ख्रिस्त नेणारा माणूस स्वतः घेत नव्हता.

आमच्यात याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. ज्याच्या मनावर गंभीर पाप आहे आणि ज्याने अजून फादरकडे त्याची कबुली दिलेली नाही, तो रांगेत जात नाही. कोणी विचारत नाही, पण मागच्या बाकांवरून सगळ्यांना दिसतं.

पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला कबुलीसाठी बाहेरून पाद्री आले. चर्चच्या व्हरांड्यात रांग लागली. मी कबुली देऊन बाहेर आले, तो मामा रांगेत होता. मी आवारातल्या बाकावर प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले, वाचत नव्हते. रांग सरकत होती. त्याच्या पुढे एकच बाई उरली. ती आत गेली, बाहेर आली. मामाने मागच्या माणसाला हाताने पुढे जायची खूण केली आणि तो फाटकातून बाहेर पडला.

मी त्याच्या मागे गेले. गावठाणाच्या तिठ्यावर दगडी क्रूस आहे, त्याच्या ओट्यावर तो बसला होता. मी शेजारी बसले. इतक्या दिवसांत मी त्याच्या इतक्या जवळ बसले नव्हते.

मी सरळ विचारलं. “मामा, त्या दिवशी तुला ठसका मिरच्यांचा लागला होता का?”

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मग तो म्हणाला, “आदल्या रात्रीपासून होता.”

मी एवढं वर्ष या वाक्याची वाट पाहत होते आणि ते आल्यावर मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही.

“घसा खवखवत होता, एवढंच,” तो म्हणाला. “पवित्र आठवडा, लोक वाट बघतात. तुमच्या दारात आलो आणि खोकला आला. मनात म्हटलं, सांगावं, बाहेरूनच जावं. तेवढ्यात तुझी आई म्हणाली ठसका लागला. मी हसलो.” तो थांबला. “तिथेच सांगायचं होतं गं. मी हसलो.”

“तू टेस्ट केलीस?”

“नाही. नंतर वास येईनासा झाला. तरी नाही केली.”

मग मी विचारलं की एवढं माहीत असून तो अजून मास्क का घालत नाही. स्वातंत्र्य, बिशपची टोपी, हे सगळं कशासाठी? त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उघडा होता आणि मला वाटलं, मी तो आजवर नीट पाहिलाच नव्हता.

“आता घातला तर काय अर्थ होतो?” तो म्हणाला. “आता घातला म्हणजे तेव्हा घालायला पाहिजे होता. म्हणजे दाजींना मी—” पप्पांना तो दाजी म्हणायचा.

“मग कबूल कर.”

“कोणाला? तुझ्या आईला?”

मी नाही म्हटलं. आईला हे कळायला नको होतं, हे मला त्या क्षणी कळलं. तिला एकच भाऊ आहे. मी म्हटलं, फादरकडे काय बोलायचं ते तुझं तू बघ. पण आईसमोर यायचं असेल तर तोंड झाकून ये. उघड्या तोंडाने आलास तर मी दार उघडणार नाही, मग आईने प्रसाद सोडला तरी चालेल. हे बोलताना ते मी आईच्या छातीसाठी बोलत होते की त्याला शिक्षा म्हणून, हे मला नीट सांगता आलं नसतं. तो उठला आणि निघून गेला.

ईस्टरच्या रविवारी आम्ही सकाळपासून वाट पाहत होतो. आईने जपून ठेवलेली साडी नेसली होती, छोट्या टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या आणि मधोमध क्रूस मांडून घेतला होता. मी चर्चला गेले नव्हते. ती एकटी असताना तो आला तर, म्हणून. खरं तर मला त्याच्यावर पहारा ठेवायचा होता.

दार वाजलं. मी उघडलं. मामाच्या गळ्यात डबी होती आणि तोंडावर मास्क होता. कापडी, कोरा, मधोमध पाकिटातली घडी तशीच राहिलेली. एक नाडी त्याने उलटी अडकवली होती. तो माझ्याकडे न पाहता आत गेला.

आईने त्याला पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली.

“सगळ्यांनी काढला तेव्हा हा घालून आला,” ती म्हणाली. “उफराटा रे उफराटा.”

मामाने प्रार्थना सुरू केली. मास्कमुळे त्याचा आवाज जाड येत होता आणि आई त्याच्यामागून शब्द म्हणत होती. मी तिच्या उशाशी उभी होते. त्याने डबी उघडली. वर्षभरानंतर बहिणीने त्याच्यापुढे तोंड उघडलं, लहान मुलीसारखे डोळे मिटले. त्याने प्रसाद नीट तिच्या जिभेवर ठेवला. आईने छातीवर हात जोडले. ती किती तरी वेळ तशीच राहिली.

शेवटी क्रूस फिरवायची वेळ आली. मामाने तो उचलला, स्वतः ओठ लावले नाहीत, नुसतं कपाळ टेकवलं, आणि मग आईपुढे धरला. आईने डोळे उघडले. तिचं लक्ष डबीकडे गेलं. डबीत अजून एक प्रसाद होता.

“तू पण घे ना माझ्यासंगं,” ती म्हणाली. “ईस्टर आहे.”

मामाने डबी बंद केली. “मी सकाळच्या मिस्सेला घेतला,” तो म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते. ते रडलेले होते की नुसते म्हाताऱ्या माणसाचे ओले डोळे होते, मला ठरवता आलं नाही. तो कबुलीला परत गेला होता, की आईसमोर आणखी एकदा तसाच सुटून जात होता? सकाळच्या मिस्सेला सिस्टर नक्की होत्या, रांगेत कोण होतं ते त्यांना दिसलं असणार. त्या दुपारी घरी आल्या. आईला बरं वाटल्याचं पाहून खूश झाल्या. मी त्यांना चहा दिला, केक दिला. त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि एका प्रश्नाचं अंतर होतं.

मी त्यांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मामा प्रसाद घेऊन येतो. मी दार उघडते, आधी त्याच्या तोंडाकडे पाहते, आणि मग बाजूला होते.